प्रश्न तुमचे : संस्थानं नेमकी चालवत कोण होतं?

मागच्या अंकात संस्थानी राजवटीवर छोटासा लेख होता आणि त्यात "संस्थानिक हे नावालाच राजे होते" असं एक वाक्य होतं. त्या एका वाक्यावरनं इतकी पत्रं आलीत की यावेळचं सगळं सदर त्याच विषयाला देतोय. काही पत्रं चिडून लिहिलीत, काही खरंच विचारात पाडणारी आहेत. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

आजोबा कायम सांगायचे की आमच्या सांगलीत इंग्रजांचं राज्य कधी नव्हतंच, पटवर्धनांचं होतं. शाळेच्या पुस्तकात मात्र १८१८ ला पेशवाई बुडाली आणि सगळं इंग्रजांकडे गेलं असं होतं. दोन्ही खरं कसं असेल? (सांगली)

आजोबा बरोबर आणि पुस्तक पण बऱ्यापैकी बरोबर. १८१८ ला इंग्रजांनी पेशव्यांचा स्वतःचा मुलूख घेतला, तो झाला खालसा, म्हणजे थेट इंग्रजांच्या राज्यातला, पण पेशव्यांच्या सरदारांना एकदम अंगावर घेण्याऐवजी इंग्रजांचा इथला मुख्य अधिकारी एल्फिन्स्टननं एकेकाला गाठून वेगवेगळे करार केले. त्यातनं सांगली, मिरज, कुरुंदवाड, जमखंडीचे पटवर्धन राहिले, मुधोळचे घोरपडे राहिले, रामदुर्गचे भावे राहिले. साताऱ्याच्या छत्रपतींना वेगळं राज्य काढून दिलं, १८१९ चा करार, आणि औंध, फलटण, भोर, जत, अक्कलकोट हे त्यांच्या हाताखालचे जहागीरदार ठरले. त्यामुळं आपल्याकडं एक गाव खालसातलं आणि ओढ्यापलीकडचं संस्थानातलं हा प्रकार शंभर-सव्वाशे वर्षं चालला.

आता सांगलीकराला रोजच्या जगण्यात इंग्रज दिसायचाच नाही हे खरंय. सारा संस्थानचा, मामलेदार संस्थानचा, कोर्ट, पोलिस, शाळा, सगळं संस्थानचं. पण राजेसाहेबांना शेजारच्या संस्थानिकाशी परस्पर तह करता येत नव्हता, लढाई तर सोडाच, फौज किती ठेवायची ते ठरलेलं, टपाल-तार बहुतेक ठिकाणी इंग्रज सरकारची, आणि रेल्वे आली तेव्हा रुळाखालच्या जमिनीवरचा अधिकार बऱ्याच मार्गांवर ब्रिटिशांकडे सोडून द्यावा लागला, म्हणजे गाव राजाचं पण त्याच गावच्या स्टेशनात कायदा सरकारचा.

आणि "संस्थान" म्हणजे सगळी एका मापाची नव्हती बरं का. पाचशे साठच्या वर संस्थानं, हिंदुस्थानच्या साधारण दोन पंचमांश जमिनीवर पसरलेली, त्यात हैदराबाद एकटं ८२ हजार चौरस मैलांच्या वर आणि काठेवाडात एक-दोन गावांची सुद्धा "संस्थानं". तिथं तर १८६३ मध्ये कर्नल कीटिंगनं सात वर्ग पाडले होते, पहिल्या वर्गाच्या राजाला जवळपास पूर्ण फौजदारी अधिकार आणि खाली खाली येत शेवटच्या वर्गाला किरकोळ खटले. म्हणजे राजा कितपत राजा आहे याची पायरी ठरवणारा तिसराच.

रेसिडेंट आणि पोलिटिकल एजंट यात फरक काय? आणि हा माणूस दिवसभर करायचा काय? (बडोदा, मूळ नाशिक)

दोघंही संस्थानावर नजर ठेवायला बसवलेली इंग्रज सरकारची माणसं. मोठ्या संस्थानात रेसिडेंट, लहानात पोलिटिकल एजंट, ढोबळमानानं इतकंच. अगदी लहान असेल तर स्वतंत्र माणूस पण नाही, शेजारच्या जिल्ह्याचा कलेक्टरच ते काम बघायचा. सातारचा कलेक्टर औंध-फलटणचा एजंट, पुण्याचा भोरचा, सोलापूरचा अक्कलकोटचा. दक्षिणेतल्या संस्थानांचा हा सगळा गोतावळा बरीच वर्षं मुंबई सरकारच्या हाताखाली होता, १९३३ ला तो थेट दिल्लीच्या ताब्यात गेला आणि कोल्हापूरला रेसिडेंट बसला.

करायचा काय, तर कागदावर काहीच नाही! सल्ला द्यायचा. रिपोर्ट पाठवायचे. पण तो सल्ला न ऐकणाऱ्या राजाचं काय होतं हे बघायचं असेल तर तुमच्या बडोद्यासारखं उदाहरण नाही. १८७४ साली गादीवर मल्हारराव गायकवाड, रेसिडेंट कर्नल फेअर, आणि दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. मल्हाररावांचा कारभार वाईटच होता, यात शंका नको, रयत तक्रारी घेऊन रेसिडेन्सीवर जात होती. कारभार सुधारायला म्हणून दादाभाई नौरोजींना दिवाण केलं तर फेअरचं दादाभाईंशी पण पटेना. वरिष्ठांना सुद्धा हा रेसिडेंट जड झाला होता.

मग ९ नोव्हेंबर १८७४. फेअर सकाळी फिरून परत आला, टेबलावर रोजच्यासारखं पपनसाच्या रसाचं सरबत ठेवलेलं, दोन-तीन घोट घेतले, कसंतरी वाटलं म्हणून उरलेलं व्हरांड्यातनं बाहेर फेकलं आणि ग्लासच्या तळाला काळपट गाळ दिसला. तो तपासल्यावर सोमल (आर्सेनिक) आणि हिऱ्याची पूड सापडली म्हणे. संशय थेट महाराजांवर. फेअरच्या जागी सर लुई पेली आला, मल्हाररावांना अटक झाली आणि चौकशीला सहा जणांचं कमिशन बसलं. तीन इंग्रज, त्यात बंगालचे मुख्य न्यायाधीश काउच, आणि तीन आपले, ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंग आणि सर दिनकरराव राजवाडे. महाराजांनी विलायतेहून सार्जंट बॅलंटाइन नावाचा बडा वकील आणला. निकाल काय, तर तीन विरुद्ध तीन! इंग्रजांना गुन्हा शाबीत वाटला, आपल्या तिघांना नाही.

इथंच खरी मेख आहे. निकाल फसला तर माणूस सुटायला पाहिजे ना? सरकारनं विषाचा मुद्दा सरळ बाजूला ठेवला आणि एप्रिल १८७५ मध्ये "गैरकारभारा"साठी मल्हाररावांना काढून मद्रासला पाठवून दिलं, तिथंच १८८२ ला वारले. दत्तक कोण तर नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातला बारा वर्षांचा गोपाळराव, म्हणजे सयाजीराव. दिवाण म्हणून टी. माधवराव आणले, मास्तर म्हणून इलियट नावाचा साहेब आणला, आणि १८८१ च्या अखेरीपर्यंत राज्य त्यांनीच चालवलं. सयाजीराव पुढं फारच मोठे निघाले हा इतिहासाचा अनुग्रह, सरकारचा तसा हेतू होता असं मला तरी वाटत नाही.

हीच तऱ्हा इंदूरची. जानेवारी १९२५ मध्ये मुंबईत मलबार हिलवर बावला नावाच्या व्यापाऱ्याचा खून झाला, धागेदोरे इंदूर दरबारापर्यंत गेले, तुकोजीराव होळकरांना सांगितलं गेलं की कमिशनपुढं या नाहीतर गादी सोडा. त्यांनी १९२६ ला गादी सोडली. बडोद्याचा तमाशा सगळ्यांनी बघितलेला, कमिशनला कोण तयार होणार?

कोल्हापूरच्या प्रकरणात टिळक-आगरकरांना जेल झाली होती ना? ते प्रकरण नक्की काय, आम्हाला शाळेत दोन ओळीत उरकलं. (कोल्हापूर)

हो आणि ते दोन ओळीत उरकण्यासारखं अजिबात नाही. कोल्हापूरच्या गादीवर चौथे शिवाजी महाराज, १८७१ ला दत्तक आलेले, लहान मुलगा. राजा अज्ञान, म्हणजे वयात न आलेला, असला की कारभार एजंट आणि त्यानं पसंत केलेला दिवाण बघायचे, आणि माझ्या मते संस्थानांवर ताबा ठेवायचं इंग्रजांचं सगळ्यात भारी हत्यार हेच, मायनॉरिटी. करार मोडायला नको, फौज आणायला नको. राजा लहान आहे, आम्ही सांभाळतो. शिक्षक आमचा, दिवाण आमच्या पसंतीचा, खजिना आमच्या नजरेखाली, आणि मुलगा मोठा होईपर्यंत त्या दरबारातली जुनी माणसं एकतर मेलेली नाहीतर घरी बसलेली.

शिवाजी महाराजांना वेडे ठरवलं गेलं. त्यांचा छळ चाललाय अशी बाहेर बोलवा झाली, दिवाण होते माधवराव बर्वे, आणि "केसरी" व "मराठा"नं बर्व्यांवर टीकेची झोड उठवली, काही पत्रं पण छापली. ती पत्रं खोटी निघाली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि जुलै १८८२ मध्ये टिळक-आगरकरांना चार महिन्यांची साधी कैद झाली, त्यातले १०१ दिवस दोघांनी मुंबईत डोंगरीच्या तुरुंगात काढले. खोटी पत्रं छापली हे खरंच, पण महाराजांचं जे पुढं झालं ते बघितलं की लोकांना का संशय येत होता ते पण कळतं. त्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं होतं, देखरेखीला ग्रीन नावाचा गोरा सोल्जर, आणि २५ डिसेंबर १८८३ ला त्याच्याशी झालेल्या झटापटीत महाराज गेले. वय विशीच्या आसपास.

पुढच्या मार्चमध्ये कागलच्या घाटग्यांचा यशवंतराव दत्तक आला, तेच शाहू महाराज. त्यांचं पण तेच, आधी राजकोटचं राजकुमार कॉलेज, मग धारवाडला फ्रेझरसाहेबाच्या हाताखाली शिक्षण, २ एप्रिल १८९४ ला अधिकार मिळाले. म्हणजे जवळपास दहा वर्षं परत तोच मायनॉरिटीचा कारभार.

दत्तक नामंजूर करून सातारा, झाशी, नागपूर घेतलं. मग १८५७ नंतर एकदम उदार कसे झाले? (सातारा)

उदार बिदार काही नाही, हिशोब बदलला. साताऱ्याचंच बघा, प्रतापसिंह महाराजांना १८३९ ला कटाचा आळ घेऊन काढलं आणि काशीला पाठवलं, धाकट्या भावाला शहाजीराजांना बसवलं, ते १८४८ ला वारले आणि त्यांचं दत्तकविधान गव्हर्नर जनरल डलहौसीनं मानलं नाही. रंगो बापूजी गुप्ते प्रतापसिंहांची बाजू मांडायला लंडनला जाऊन चौदा वर्षं तिथं दारं ठोठावत बसले होते, उपयोग शून्य. मग १८५४ मध्ये नागपूर, झाशी.

५७ मध्ये दिसलं की ज्यांना राज्य राखायचंय ते शिंदे, निजाम वगैरे इंग्रजांच्या बाजूनं उभे राहिले आणि ज्यांचं गेलं ते उलटले. लगेच राणीचा जाहीरनामा, की यापुढं मुलूख वाढवणार नाही, आणि १८६२ पर्यंत व्हाइसरॉय कॅनिंगनं बहुतेक मोठ्या राजांना दत्तकाच्या सनदा वाटल्या. पण त्यात बारीक गोष्ट अशी की दत्तक घ्यायची मुभा दिली, तरी वारस खरा कधी तर सरकारनं मान्यता दिल्यावर. म्हणजे राज्य जाण्याची भीती काढली आणि राजा कोण होणार हे ठरवायची चावी खिशात ठेवली. डलहौसीपेक्षा हे कितीतरी स्वस्त पडलं!

तोफांच्या सलामीचं एवढं कौतुक का होतं? (पुणे)

कारण देण्यासारखं दुसरं काही ठेवलंच नव्हतं ना हो. हैदराबाद, म्हैसूर, बडोदा, ग्वाल्हेर, काश्मीर या पाचांना २१ तोफा, कोल्हापूरला १९, आणि खाली येत येत ९. अकरा किंवा जास्त तोफा असतील तर "हिज हायनेस", नऊवाल्याला तेवढा मान नाही. सलामीचा मान असलेली संस्थानं एकूण सव्वाशेच्या आतच, बाकी शेकडो जणांना तोफच नाही. चांगलं वागलात तर दोन तोफा वाढ, तीही कधी फक्त त्या राजापुरती, पोराला नाही. दरबारात खुर्ची कुठं, व्हाइसरॉय किती पावलं पुढं येणार, सगळं ठरलेलं. १९११ च्या दिल्ली दरबारात सयाजीराव बादशहापुढं नीट न वाकता पाठ फिरवून गेले यावरनं केवढं वादळ उठलं होतं.

आमचं वऱ्हाड निजामाचं की इंग्रजांचं? घरातल्या जुन्या कागदात दोन्ही नावं येतात. (अमरावती)

मालकी निजामाची आणि कारभार इंग्रजांचा, १९४७ पर्यंत असंच. झालं काय की निजामाच्या खर्चानं एक फौज ठेवली होती, हैदराबाद कंटिन्जंट, अधिकारी इंग्रज, पगार निजामानं द्यायचा. पगार थकत गेला, कर्ज फुगलं, आणि १८५३ ला डलहौसीनं त्या खर्चापोटी वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब लावून घेतले. १८६० ला ५० लाखांचं कर्ज माफ करून धाराशिव, रायचूर परत दिले, वऱ्हाड ठेवून घेतलं, कापसाचा मुलूख कोण सोडतो. निजामाचा दिवाण सालारजंगानं ते परत मिळवायला आयुष्यभर खटपट केली. १९०२ ला व्हाइसरॉय कर्झननं कायमचं लीज करून घेतलं, वर्षाला २५ लाख रुपये.

पण मला यात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो १९२६ चा कागद. निजाम उस्मान अलीनं लिहिलं की आपण दोघं कराराचे दोन बरोबरीचे पक्ष, तेव्हा वऱ्हाडचा वाद बसून मिटवू. २७ मार्च १९२६ ला व्हाइसरॉय रेडिंगनं उत्तर दिलं त्याचा मतितार्थ असा की हिंदुस्थानात ब्रिटिश सत्ता सर्वश्रेष्ठ आहे, ती काही नुसत्या करारांवर उभी नाही, आणि कुठलाही संस्थानिक सरकारशी बरोबरीनं वाटाघाट करू शकत नाही. म्हणजे शंभर वर्षं जे करार गळ्यात बांधून राजे फिरत होते त्यांची किंमत एका पत्रात सांगून टाकली. शेतातनं कुणी वीस वर्षं बैलगाडी नेली की त्याला वहिवाटीचा हक्क लागतो, तसं एका संस्थानात एकदा जे केलं तो दाखला, आणि तो दाखला मग बाकी सगळ्यांना लागू, करारात असो नसो.

राजे मंडळी घाबरली, सरकार आणि संस्थानं यांचे संबंध तपासायला बटलर कमिटी बसली, लेस्ली स्कॉटसारखा महागडा वकील लावला, म्हणाले आमचे हक्क आणि तुमचे हक्क एकदा नीट लिहून काढा. १९२९ ला कमिटीनं सांगितलं की सार्वभौम सत्ता ही सार्वभौमच राहिली पाहिजे. व्याख्या करायचीच नाही! व्याख्या केली की मर्यादा आली, हे त्यांना बरोबर कळत होतं. निजामाची समजूत १९३६ ला घातली, युवराजाला "प्रिन्स ऑफ बेरार" किताब, कारभार होता तसाच.

सगळंच इंग्रजांच्या हातात होतं तर किर्लोस्करवाडी औंध संस्थानात कशी उभी राहिली, आणि आरक्षण कोल्हापुरात आधी कसं आलं? तुमचा लेख एकांगी होता. (कराड)

मान्य, "नावालाच राजे" हे जरा जास्तच सपाट वाक्य होतं. गादी, फौज, परराज्य हे सोडलं तर आतल्या कारभारात खमक्या राजाला बरीच मोकळीक होती आणि सरकार त्यात फारसं पडत नव्हतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांची बेळगावची जागा नगरपालिकेनं घेतली तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९१० मध्ये कुंडलजवळचं निवडुंगानं भरलेलं माळरान दिलं. ओगल्यांचा काचेचा कारखाना, तुमच्या कराडजवळचा, तोही औंधच्याच आसऱ्यानं. खालसात एवढ्या कामासाठी किती टेबलं फिरावी लागली असती देव जाणे. शाहूंनी २६ जुलै १९०२ ला संस्थानच्या नोकऱ्यांत मागासांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या, सयाजीरावांनी १९०६ पासून सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा ब्रिटिश मुलखात गोखल्यांचं तसलंच बिल पुढं नामंजूर झालं. औंधनं तर १९३९ ला सत्ताच ग्रामपंचायतींकडं दिली, गांधींच्या सल्ल्यानं.

पण हे सगळं राजा कसा निघतो यावर. वाईट निघाला तर रयतेनं जायचं कुठं? इंग्रजांनी राजाला बाहेरच्या शत्रूपासनं वाचवलं तसं आतल्या बंडापासनं पण वाचवलं, म्हणजे पूर्वी जुलमी राजाला जी भीती असायची ती गेली. वर १९२२ ला कायदा केला की खालसातल्या पेपरांनी सुद्धा संस्थानिकांविरुद्ध अप्रीती पसरवायची नाही, असेंब्लीनं नाकारला तर व्हाइसरॉयनं स्वतःच्या अधिकारात मंजूर केला. संस्थानी प्रजा परिषद १९२७ ला निघाली ती उगाच नाही.

आमच्या संस्थानच्या राजांबद्दल गावात बऱ्याच "भानगडी" सांगतात. त्यांची सरकारी फाईल बघायला मिळेल का? (जत)

खमंग फायली मिळणं अवघड आहे. १९४७ च्या उन्हाळ्यात पोलिटिकल खात्याचा मुख्य सर कॉनरॅड कोरफिल्ड यानं राजांच्या खाजगी प्रकरणांची कागदपत्रं ढिगानं जाळून टाकली, नेहरू भडकले पण तोवर बराच धूर निघून गेला होता. तरी वारसा, कर्ज, दिवाणाच्या नेमणुका, जमिनीचे वाद यांच्या फायली भरपूर आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात फॉरेन अँड पोलिटिकल डिपार्टमेंटची दप्तरं आहेत, त्यातली बरीच "अभिलेख पटल" या त्यांच्या साइटवर घरबसल्या दिसतात. कोल्हापूर दरबारचं दप्तर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात, आणि एजन्सीचे काही कागद लंडनला ब्रिटिश लायब्ररीत. जत ८ मार्च १९४८ ला बाकीच्या दक्षिणी संस्थानांबरोबर मुंबई प्रांतात विलीन झालं, तेव्हा त्यानंतरचे कागद वेगळीकडं शोधा. आणि साइटवर शोधताना इंग्रजी स्पेलिंग आजचं टाकून थांबू नका, त्या काळचे कारकून कोल्हापूरचं "कोलापूर" आणि गायकवाडांचं "गायकवार" करून ठेवायचे, दोन-तीन तऱ्हांनी टाकून बघा.